तारेवरचे तीन बोल्ट

त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे. पण कपडे धुण्याची मशीन बिघडली की माणूस फोनवर पहिल्यांदा म्हणतो ते "खडखडते हो", आणि हे ऐकण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला वस्तीने खडखडे हे आडनाव देऊन टाकलं. ते इतकं बेमालूम चिकटलं की एकदा कुरिअरवाला 'श्री. खडखडे' असं लिहिलेलं पार्सल घेऊन आला आणि बायकोने सही करून ते ठेवूनही घेतलं. "तुमचं नाही तर कोणाचं असणार? या घरात दुसरं काय खडखडतंय?" असं तिचं म्हणणं.

साठी ओलांडलेले हे गृहस्थ मशीन बघायला गेले की ती चालू करायला सांगत नाहीत. रिकामा ड्रम हाताने गरकन फिरवतात, दुसरा पंजा मशीनच्या डोक्यावर पालथा ठेवतात आणि खिडकीबाहेर बघत राहतात. घरातलं माणूस आपली हकिगत सांगत असतं. कालपर्यंत ठीक होती, पाहुण्यांच्या पोरांनी बटणं दाबली, बहुतेक कोणाच्या तरी खिशात नाणं राहिलं. खडखडे यातलं काही ऐकत नाहीत. ड्रम थांबला की निकाल देतात.

पूर्वी तो निकाल एका शब्दाचा असे. "होईल."

जिन्याखालच्या त्यांच्या अरुंद दुकानात तेव्हा उघडलेल्या मशीन ओळीने उभ्या असत. पोलादी टाकी, मागचं झाकण, त्यावर बसवलेलं बेअरिंग. बेअरिंग झिजलं की मशीन खडखडे. मग मागचं झाकण काढायचं, जुनं बेअरिंग ठोकून बाहेर आणायचं, नवं बसवायचं, रबराची सील बदलायची. मशीन पुन्हा कित्येक वर्षं तक्रार करत नसे. काही घरांत एकाच मशीनचं बेअरिंग खडखडेंनी दोनदा बदललं होतं. पहिल्यांदा बदललं तेव्हा बाळाचे लंगोट धुतले जात होते, दुसऱ्यांदा त्याच बाळाचे कॉलेजचे शर्ट. उलटा ठेवलेला एक जुना ड्रम दुकानात स्टूल म्हणून होता. त्यावर बसलेल्या गिऱ्हाईकाच्या पँटवर भोकांची नक्षी उमटायची आणि वस्तीत त्यावरून कळायचं, की याची मशीन बिघडली आहे.

काळ बदलला तो त्यांना एका शिक्षिकाबाईंच्या घरी कळला. मशीन तशी नवीच होती. आवाज ओळखीचा, बेअरिंगचाच. खडखडेंनी ती आडवी केली, टाकी बाहेर काढली आणि स्क्रू शोधायला लागले. स्क्रू नव्हते. प्लास्टिकचे दोन अर्धगोल एकमेकांना वितळवून कायमचे चिकटवलेले होते.

"कुठून उघडते?" बाईंनी विचारलं.

"उघडत नाही," खडखडे म्हणाले. ते इतक्या ओशाळ्या आवाजात म्हणाले, की जणू कारखान्यात जाऊन त्यांनीच ती चिकटवली होती.

"मग आता?"

"आता सगळी टाकीच बदलायची. त्यापेक्षा नवीन परवडेल."

त्यानंतर अशाच मशीन येत गेल्या. दाराची कडी प्लास्टिकची, ती तुटायची. बटणांमागे एक बोर्ड, त्याला दमट हवा सोसायची नाही. बोर्ड मागवावा तर कंपनी सांगायची, ते मॉडेल बंद झालं. दुकानातल्या उघड्या मशीनची रांग आखडत गेली आणि एक दिवस तिथे नुसता स्टूल उरला. त्या काळात खडखडेंनी एक वाक्य तयार केलं. "आजकालच्या अशाच."

सुरुवातीला ते हे वाक्य खेदाने म्हणत. पुढे सवयीने म्हणायला लागले. आणि मग, हे त्यांनी स्वतःच सांगितलं, वेळ वाचवायला. लोकांनाही ते ऐकून बरं वाटायचं. चूक कोणाचीच नाही, काळाची आहे, असं म्हटलं की घरातली भांडणं मिटतात.

दुरुस्ती गेली, पण मशीन लवकर मरत असल्यामुळे नव्या बसवण्याचं काम वाढलं. कंपनीच्या दुकानांशी बोलून खडखडे बसवण्याचं काम घ्यायला लागले. पुढून दार असलेल्या मशीनचा ड्रम स्प्रिंगांवर लोंबकळत असतो. टेम्पोतून येताना तो आदळू नये म्हणून मागच्या बाजूने चार लांब, जाड बोल्ट घालून तो जखडलेला असतो. बसवणाऱ्याचं पहिलं काम हे, की ते चारही बोल्ट काढायचे आणि भोकांवर चार टोपणं दाबून बसवायची. बोल्ट राहिला तर ड्रम मोकळा होत नाही. कपडे पिळताना सगळी मशीन थरथरते, उड्या मारते आणि हळूहळू स्वतःलाच मोडते.

बाकीचे कारागीर काढलेले बोल्ट पिशवीत घालून मालकाच्या हातात देत. पिशवी पहिल्या आवराआवरीत कचऱ्यात जाई. खडखडेंनी स्वतःची पद्धत काढली होती. बोल्ट एका बारीक तारेत ओवायचे, तारेला पीळ द्यायचा आणि ती मशीनमागच्या नळाला अडकवायची. "घर बदलाल तेव्हा लागतील. हे न लावता मशीन टेम्पोत चढवलीत तर उतरेल ते भंगार," असं बजावून ते निघत. वस्तीतल्या निम्म्या बाथरूममध्ये अशा तारा लटकत होत्या. एवढी एक गोष्ट त्यांना मनापासून अभिमानाची वाटायची.

खडखडेंना एक थोरली बहीण आहे. घरात सगळे तिला ताई म्हणतात. ताईंनी उभं आयुष्य हाताने कपडे धुतले आणि यजमान निवृत्त झाले तेव्हा जाहीर केलं, की आता आपणही निवृत्त होणार. हे यजमान, म्हणजे खडखडेंचे भावोजी, बस डेपोत वेळापत्रकं करायचे. छापलेलं काहीही दिसलं की ते शेवटपर्यंत वाचायचे. औषधाच्या बाटलीभोवती गुंडाळलेला बारीक अक्षरांचा कागदसुद्धा चष्मा पुसून वाचायचे आणि मग औषध घ्यायचे नाहीत.

मशीन घ्यायची ठरल्यावर ते शहरातल्या सगळ्या दुकानांतून हिंडले. प्रत्येक मशीन किंचित तिरकी करून बघायचे. जड वस्तू टिकते, असा त्यांचा सिद्धांत होता. दुकानदार वैतागायचे. एकाने विचारलं, "काका, धुवायला घेताय की व्यायामाला?" शेवटी सगळ्यात जड होती ती त्यांनी निवडली. खडखडेंनी ती पाहिली तेव्हा त्यांना मनात वाटलं, की माणसाने बरी निवडली. बाजारात होत्या त्यांतली ही खरंच बरी होती. पण हे ते बोलले नाहीत. बहिणीच्या नवऱ्याचं तोंडावर कौतुक करायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती.

बसवायला ते दुपारी गेले. बाथरूम लहान, मशीनच्या मागे जेमतेम एक माणूस शिरेल एवढी जागा. खडखडे पाना घेऊन आत शिरले. भावोजी पुस्तिका घेऊन दारात उभे राहिले.

"मागचे चार बोल्ट आधी काढायचे, असं ठळक छापलंय यात."

"भावोजी, हे पुस्तक छापलं नव्हतं तेव्हापासून मी बोल्ट काढतोय."

"नाही, मी आपलं छापलंय ते सांगितलं."

"मग जरा मोठ्याने वाचा. मशीनलाही कळू दे."

ताई चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातून पुस्तिका काढून घेतली. "त्याचं काम त्याला करू द्या हो. तुम्ही वेळापत्रकं करायचात तेव्हा कोणी तुमच्या डोक्यावर उभं राहायचं का?"

"सगळे प्रवासी," भावोजी म्हणाले.

यावर तिघंही हसले. खडखडे हसत हसत मशीनमागून बाहेर आले, चहा प्याले, भाच्याच्या नव्या नोकरीची चौकशी केली. मग परत जाऊन पाण्याचा पाइप जोडला, तार नळाला अडकवली, मशीन भिंतीला सरकवली. घरी गेल्यावर बायकोला त्यांच्या खिशात प्लास्टिकचं एक टोपण सापडलं. तिने ते बटणांच्या डब्यात टाकलं.

ताईंचा पहिला फोन लवकरच आला. "अरे, ही चालते."

"चालायलाच पाहिजे."

"तसं नाही रे. चालत चालत बाथरूमच्या दारापर्यंत आली. उद्या बाहेर येऊन चहा मागेल."

खडखडे गेले. पुढून मशीन उचलून पायांखाली रबराच्या गाद्या सरकवल्या. थोडा फरक पडला. भावोजी बाजूला उभे होते. "मागे एकदा बघायचं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"मागे काय बघायचंय? पूर्वी आत सिमेंटचा ठोकळा असायचा, हा एवढा. हल्ली सगळं हलकं करून ठेवलंय."

"ही जड आहे पण."

"जड दिसते. आजकालच्या अशाच, भावोजी."

अशी आणखी दोन-तीनदा ये-जा झाली. प्रत्येक वेळी खडखडेंनी पुढूनच बघितलं आणि प्रत्येक वेळी तेच वाक्य म्हटलं. दुसरा उन्हाळा यायच्या आत मशीन बंद पडली. खडखडेंनी ड्रम हाताने फिरवला. आत खडी भरल्यासारखा आवाज आला.

"बेअरिंग गेलं. टाकीलाही तडा असणार. उघडत नाही ही. टाका."

जुनी मशीन असती तर त्यांनी ती उघडली असती. मागचं झाकण काढायला भिंतीपासून ओढली असती आणि पहिल्याच मिनिटाला त्यांच्या हाताला चौथा बोल्ट लागला असता. पण ही उघडणारी नव्हती, म्हणून तिच्या मागे कोणी गेलं नाही. काही दिवसांनी भंगारवाल्याची दोन माणसं आली आणि शिव्या देत ती जिन्यावरून उतरवून घेऊन गेली. जड होती.

भावोजी दुसरी घेऊ म्हणाले. ताईंनी साफ सांगितलं, "नको. तुम्ही परत दुकानोदुकानी मशीन हलवत फिरणार आणि आणखी एक धोंड आणून माझ्या बाथरूममध्ये ठेवणार. माझे हात बरे आहेत."

आणि त्या पुन्हा बादलीशी बसल्या.

या घरात मग एक नवं माप रुजू झालं. छत्री गळली की ताई विचारायच्या, "मशीनच्याच दुकानातून आणलीत का?" टॉर्च पेटला नाही की, "वजन करून घेतला असेल." पाहुण्यांपुढे मशीनची गोष्ट साग्रसंगीत व्हायची. यांनी सगळं शहर पालथं घातलं, तराजू तेवढा न्यायचा राहिला होता, आणि आणलं काय तर नाचरं डबडं. पाहुणे हसायचे. भावोजीही हसायचे. सगळ्यांत मोठ्याने हसायचे ते खडखडे. गिऱ्हाइकांना पटवायला त्यांना हा दाखला फार उपयोगी पडायचा. "माझ्या सख्ख्या बहिणीकडे मी स्वतः बसवलेली. दोन उन्हाळे नाही काढले. आता बोला."

ताई वाईट बोलत होत्या असं कोणी म्हणणार नाही. नवरा-बायकोत असं चालतं. चादरी धुतल्या की दोघं गच्चीवर जायची, एकेक टोक धरायची आणि उलटसुलट दिशांना पीळ द्यायची. भावोजींच्या हातातून टोक निसटलं की ताई म्हणायच्या, "मशीन बरी तुमच्यापेक्षा." भावोजी म्हणायचे, "तीही मीच आणली होती." शेजारच्या गच्चीवरच्यांना हे पाठ झालं होतं.

भावोजी गेले ते झोपेत, कोणाला त्रास न देता. त्यानंतर ताई चादरीचं एक टोक नळाला बांधायच्या आणि दुसऱ्या टोकाने एकट्या पीळ घालायच्या. उजवा खांदा आधी दुखायला लागला, मग वर जाईना. डॉक्टरांनी पिळायचं काम बंद करायला सांगितलं. मुलाने, म्हणजे खडखडेंच्या भाच्याने, त्यांना आपल्या घरी आणलं. घर बंद केलं, सामान वाटलं, विकलं. भाच्याकडे मशीन होती. ताई त्यात स्वतःचे कपडे टाकू देईनात. सगळे उठायच्या आत बाथरूमची कडी लावून हाताने धुवायच्या आणि मग दिवसभर खांदा धरून बसायच्या.

भाच्याने मामाला फोन केला. "मामा, तू येऊन सांग. मी सांगितलं तर म्हणते, तू पण बापावर गेलास. ती फक्त तुझं ऐकते."

खडखडे गेले. सून कामाला गेली होती, भाचा दुसऱ्या खोलीत कुणाशी फोनवर बोलत होता. ताई पलंगावर बसून डाव्या हाताने कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"ताई, खांद्याची दोरी तुटल्यावर ऐकणार का?"

"आलास? बस. तुला फोन गेलेला दिसतोय."

"मशीन आहे घरात. टाक की त्यात."

"तूच म्हणतोस ना, आजकालच्या अशाच? उद्या बंद पडली तर या पोरांचे कपडे कोण धुणार? मीच. मग हाताची सवय कशाला मोडू?"

"सगळ्याच तशा नसतात."

"अगोबाई! हे कधीपासून?" ताई हसल्या. "आयुष्यभर गावाला एक सांगितलंस आणि बहिणीला दुसरं सांगतोस. पोराने काय खाऊ घातलं रे तुला?"

मग ताईंना काहीतरी आठवलं. त्या उठल्या आणि कपाटातल्या खालच्या खणातून एक कापडी पिशवी घेऊन आल्या. "बरं झालं आलास. हे तुझं घेऊन जा. घर आवरताना नळाला सापडलं. सून टाकायला निघाली होती. मी म्हटलं, नको, माझ्या भावाने जपून ठेवायला सांगितलंय."

पिशवीत पीळ दिलेली बारीक तार होती. गंजलेली. तिच्यात बोल्ट ओवलेले होते.

खडखडेंनी ती हातात घेतली. त्यांनी अशा शेकडो तारा ओवल्या होत्या. तिचं वजन त्यांच्या हाताला माहीत होतं, आणि हे वजन कमी होतं. त्यांनी बघितलं. तीन. पिशवी उलटी करून झटकली. पिशवीत दुसरं काही नव्हतं.

"एखादा पडला का गं यातला?"

"पडेल कसा? पीळ बघ की. तू घातलास तसाच आहे."

पीळ खरोखरच त्यांचाच होता, शेवटी उजवीकडे दुमडलेला. आणि मग त्यांना घरातल्या बटणांच्या डब्यातलं ते प्लास्टिकचं टोपण आठवलं. बटण शोधताना ते कितीदा तरी बोटांना लागलं होतं. हे कशाचं, असा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता, कारण ते कशाचं हे त्यांना चांगलं माहीत होतं. ते जास्तीचं का उरलं, हा प्रश्न पडला नव्हता.

इथे गप्प बसणं अगदी सोपं होतं. मशीन कधीच वितळून तिचं दुसरं काहीतरी झालं होतं. तार खिशात घालून निघून जाता आलं असतं. पण मग ताई उद्या पहाटे परत बादलीशी बसल्या असत्या, एका अशा मशीनच्या अनुभवावर विसंबून, जिचा दोष नव्हता. खडखडे म्हणतात, की बोलायचं असं त्यांनी ठरवलं नाही. तोंडातून निघून गेलं.

"ताई, ती मशीन वाईट नव्हती. माझा एक बोल्ट राहिला होता."

"म्हणजे?"

त्यांनी सांगितलं. चार बोल्ट कशासाठी असतात, एक राहिला तर काय होतं, ती का चालायची, का नाचायची, बेअरिंग का गेलं. घड्या घालायचा ताईंचा हात थांबला होता. शेजारच्या खोलीत भाचा फोनवर हसत होता.

"म्हणजे यांनी चांगली आणली होती."

"बरी होती. तेव्हा मिळत होत्या त्यांत सगळ्यांत बरी."

"हे तू तेव्हा नाही बोललास."

"नाही."

ताईंनी हातातली घडी मोडली आणि परत घातली. मग म्हणाल्या, "भंगारवाला यायच्या आदल्या दिवशी मी बाथरूममध्ये गेले, तर हे मशीनच्या मागे हात घालून उभे. गाल भिंतीला चिकटलेला. म्हटलं, काय शोधताय? तर म्हणाले, चमचा पडलाय. मी म्हटलं, बाथरूममध्ये चमचा कोण आणतं? तर म्हणाले, हो, तेही खरंच."

"मग?"

"मग काय. मी म्हटलं, सापडला का? म्हणाले, सापडला. हातात काही नव्हतं. मी म्हटलं, वय झालं यांचं." घडी बाजूला ठेवत त्या पुढे म्हणाल्या, "ती गोष्टसुद्धा मी चार लोकांत सांगितली. चमच्याची."

"पण बोलले का नाहीत?" खडखडेंचा आवाज चढला. जणू चूक भावोजींचीच होती.

"कोणाला बोलणार? मला? मी सगळ्या इमारतीला सांगत फिरायचे, माझा भाऊ बसवतो, त्याच्या हातची मशीन बघा. आणि हे तुला बोलायला गेले असते तर तू म्हणाला असतास, जरा मोठ्याने वाचा."

खडखडेंनी मान खाली घातली. त्यांना वाटलं होतं, की ताई रागावतील, आणि रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. ताईंनी तार त्यांच्या हातातून काढून घेतली, परत पिशवीत घातली. "राहू दे माझ्याकडे," म्हणाल्या. मग उठल्या, कोपऱ्यातले आपले धुवायचे कपडे एका हाताने गोळा केले, बाथरूममध्ये नेले आणि मशीनचं दार उघडून आत टाकले. "चालू कशी करायची ते दाखव."

मशीन चालू झाली. ताई समोर उभ्या राहून काचेतून बघत राहिल्या. कपडे पिळले जाताना मशीनचा बारीक घूं आवाज आला, ती जागची हलली नाही. ताईंनी तिच्या डोक्यावर पंजा पालथा ठेवला, भाऊ ठेवतो तसा. तो त्यांनी मशीन थांबेपर्यंत काढला नाही.

भाचा फोन संपवून आला आणि बघतच राहिला. "मामा, काय जादू केलीस?"

"काही नाही," खडखडे म्हणाले आणि चपला घालायला लागले.

त्या दिवसानंतर खडखडे कुठल्याही घरी गेले की आधी मशीन भिंतीपासून ओढतात. गिऱ्हाइकांना हे आवडत नाही. मागे कोळ्यांची जाळी असतात, हरवलेले मोजे असतात, पाइप ताणला जातो, फरशीवर ओरखडे उठतात. बायको म्हणते, पाठीचं काय व्हायचं ते होऊन जाईल एकदा. मागे बहुतेक वेळा काही नसतं. चार टोपणं जागच्या जागी असतात आणि मशीन खरोखरच तिच्या बनावटीनेच मेलेली असते. काळ बिघडलाय हे त्यांचं मत बदललेलं नाही. बदलावं असं काही त्यांना दिसतही नाही. फक्त ते वाक्य ते आता म्हणत नाहीत. लोक वाट बघतात, मग स्वतःच म्हणतात, "आजकालच्या अशाच, नाही का?" खडखडे पाना पुसत राहतात.

परवा भाच्याकडची मशीन बंद पडली. अजून नवीच म्हणावी अशी. बटणांवरचे दिवे सगळे एकदम लागले, एकदम गेले आणि पुन्हा लागलेच नाहीत. खडखडे गेले, मशीन ओढली, मागे शिरले. मग पुढे येऊन झाकण उघडलं. बोर्ड जळला होता. कंपनीला फोन लावला. तो बोर्ड आता येत नाही, नव्या मॉडेलला बसतो तो याला बसणार नाही, असं तिकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं.

"इतक्यात?" भाचा म्हणाला. "मामा, ही तर सगळ्यात चांगली म्हणून घेतली होती."

ताई दारात उभ्या होत्या. "मागे बघितलंस?"

"बघितलं."

"चारही?"

"चारही."

"नीट?"

"हात लावून, ताई."

ताईंनी मान डोलावली. "मग म्हण की आता तुझं ते. आता म्हणायला हरकत नाही."

खडखडेंनी झाकणाचे स्क्रू एकेक करून परत बसवले. मशीन भिंतीला सरकवली, पाइप नीट केला. ते हात धुवायला वळले तेव्हा नळ आधीच चालू होता. खाली बादली होती आणि ताई डाव्या हाताने तिच्यात कपडे बुडवत होत्या.